वर्गात लोकसंख्येचे आकडे कुठले वापरावेत?

तुम्ही विचारलंय, पुस्तकातला आकडा जुना आणि मोबाईलवरचा वेगळा, मग मुलांना कुठला सांगायचा? मी सोलापुरात भूगोल शिकवतो. माझं म्हणणं, दोन्ही फळ्यावर लिहा, पण शेजारी वर्ष लिहा. वर्षाशिवाय आकडा म्हणजे तारीख नसलेली पावती.

जगासाठी संयुक्त राष्ट्रांचे अंदाज घ्या. त्यांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ ला जग ८०० कोटींवर गेलं. इथंच गंमत होते. '८ बिलियन'चे एका पोराने ८० कोटी केले. मी म्हटलं, "अरे, २०११ ला एकटा भारतच १२१ कोटी होता!" वर्ग हसला, पण बिलियन म्हणजे १०० कोटी हे कायमचं डोक्यात बसलं.

मग आपल्या जिल्ह्यावर या. २००१ च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा सुमारे ३८.५ लाख, २०११ ला ४३.२ लाख. वाढ किती टक्के, हे पोरांनाच काढू द्या. साधारण १२ येते. जनगणना म्हणजे घरोघरी मोजणी आणि चालू वर्षाचा आकडा म्हणजे अंदाज, हा फरक मात्र आधीच सांगा. व्हॉट्सॲपवरचे तक्ते वर्गात आणूच नका.