'दारिद्र्यता' कुठून आणली?

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे: १७ ऑक्टोबरच्या एका फलकावर 'आंतरराष्ट्रीय दारिद्र्यता निर्मूलन दिन' असे वाचले. हे बरोबर आहे का? आणि गरिबी व दारिद्र्य यांत फरक काय?

'दारिद्र्यता' साफ चूक. 'दरिद्र'चे भाववाचक नाम 'दारिद्र्य'. त्याला वर 'ता' लावणे म्हणजे 'सौंदर्यता', 'धैर्यता' म्हणणे. भाषणांत, बातम्यांत हे रोज ऐकावे लागते आणि कुणी हटकत नाही. 'दरिद्रता' म्हणा, चालेल.

खरा आनंद 'दरिद्र'च्या मुळाशी आहे. संस्कृतात 'द्रा' म्हणजे धावणे. त्याचे द्विरुक्त, म्हणजे दुहेरी केलेले रूप 'दरिद्रा', म्हणजे सारखे इकडून तिकडे धावणे. दरिद्र म्हणजे पोटामागे वणवणणारा. पाठशाळेतल्या मंडळींना हे पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'दरिद्रा दुर्गतौ' (दुर्दशेत असणे) असा स्वतंत्र धातू दिलाय, विषय संपला, म्हणतात. कसा संपला? 'जक्षित्यादयः षट्' या सूत्राने पाणिनी ज्या धातूंना 'अभ्यस्त', म्हणजे द्विरुक्तासारखे मानतो, त्यांत हाही आहे. शिवाय 'दुर्गती'तही गती आहेच!

आता 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. निर्धनाला तिथे फकीर म्हणतात. मराठीत 'गरीब गाय', 'गरीब स्वभावाचा' हा अर्थ रुजला तो, माझ्या मते, त्या परक्यामुळेच. अनोळखी गावात माणूस मान खाली घालूनच वावरतो. सकाळी आपल्या नागपुरातल्या कुठल्याही मजुरांच्या ठिय्यावर जाऊन बघा. बालाघाट, शिवनी, छत्तीसगडकडची माणसं पिशवीत थापी नि जेवणाचा डबा घेऊन उभी असतात. ठेकेदार रोजी पाडून सांगतो, तरी आवाज चढत नाही. दोन्ही शब्द एकाच माणसात उभे!

म्हणून 'गरीब म्हणजे पैसा नसलेला' एवढ्यावर थांबणारे कोश मला अपुरे वाटतात. मोजायला पैसा लागतो, हे मान्य. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०२२ मध्ये दिवसाला २.१५ डॉलर होती, २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. पण माणसं त्या रेषेच्या वर आली कशी? चीनमध्ये १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर पडले. आधी शेती कुटुंबांच्या हाती आली, पीक वाढलं. मग गावाकडची माणसं शेंझेनसारख्या शहरांतल्या कारखान्यांत गेली. घर सोडणं तेच, पण आता त्यापुढे महिन्याचा पगार होता. परकेपण मात्र सुटलं नाही. 'हुकोऊ' ही सरकारी रहिवासी नोंदणी गावची, त्यामुळे शहरात मुलांच्या शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे अडायचं. दारिद्र्य गेलं आणि अरबी अर्थाची गरिबी मागे राहिली. फरक विचारलात ना, तो हा.

आणि 'अतिदारिद्र्य' जोडूनच लिहा. 'अति दारिद्र्य' असं तोडू नका.