गोठलेल्या समुद्रावरून एकट्याने चालत गेलेलं इथे कुणी आहे का? बर्फ तुटेल अशी भीती वाटत नाही का?

मी गेलोय, एकदाच. आर्क्टिक मोहीम वगैरे समजू नका, जेमतेम सात किलोमीटरचा समुद्र होता. पण होता समुद्रच, आणि मी एकटाच होतो.

मी मूळचा अलिबागचा. नोकरीमुळे काही वर्षं उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरात काढली. समुद्रावरून चालण्याचं आम्हा अलिबागकरांना तसं अप्रूप नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मला पाढ्यांबरोबरच शिकवला होता. तोच हिशेब डोक्यात घेऊन मी तिकडे गेलो आणि तिथेच फसलो. ते पुढे सांगतो.

आधी समुद्र गोठतो कसा ते. ओउलू आहे ते फिनलंड आणि स्वीडनमधल्या बोथ्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला. हे टोक म्हणजे नावापुरता खारा समुद्र. आपल्या अरबी समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, इथे जेमतेम 3. आमच्या घरच्या आमटीत याहून जास्त असतं! नद्या भरपूर गोडं पाणी आणून ओततात, आणि खुल्या महासागराचं पाणी इथवर फारसं पोचत नाही. त्यात पाणी उथळ. त्यामुळे शून्याच्या किंचित खालीच ते गोठतं आणि किनाऱ्यालगतचा बर्फ महिनोन् महिने जागचा हलत नाही. माणसं इथून पूर्वापार ये-जा करत आली आहेत. मार्च 1809 मध्ये बार्क्ले द तोलीचं रशियन सैन्य फिनलंडमधल्या वासाहून हेच आखात, जरा दक्षिणेला, बर्फावरून ओलांडून स्वीडनमधल्या उमेओला पोचलं होतं. तेव्हा ‘शक्य आहे का’ या प्रश्नाचं उत्तर लागलेलंच आहे.

मी निवडली ती वाट रिउतुनकारीच्या धक्क्यापासून समोरच्या हायलुओतो बेटापर्यंतची. तेव्हा फेरीबोट बारा महिने चालायची, पण थंडी पुरेशी पडली की शेजारून बर्फावर सरकारी रस्ता आखायचे. त्यावर चक्क मोटारी जायच्या. ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आणि दोन गाड्यांत 50 मीटर अंतर, कारण वेगातल्या गाडीखाली पाण्यात लाट उठते आणि ती बर्फ फोडू शकते. काही हिवाळ्यांत हा रस्ता उघडायचाच नाही. मी गेलो त्या वर्षी उघडला होता, म्हणूनच धीर केला. रस्त्याच्या खुणेच्या काठ्या दिसतील इतपत अंतर ठेवून, फेरी जायची त्याच्या उलट बाजूने चाललो. बोटीने फोडलेला पट्टा रात्रीतून पुन्हा गोठतो, वर बर्फ भुरभुरतो आणि तो इतर बर्फासारखाच दिसायला लागतो. जहाजांच्या मार्गाच्या वाटेला जाऊ नये ते यासाठीच.

आता तुमच्या भीतीबद्दल. स्वच्छ, काचेसारखा कडक बर्फ 5 सेंटीमीटर असला तरी एका माणसाला पेलतो. मार्चच्या सुरुवातीला माझ्या पायाखाली त्याच्या कितीतरी पट होता. तो तुटेल म्हणून मी धसका घेत नव्हतो, तरी पहिला अर्धा तास पोटात गोळा होता. कारण आवाज. दूर कुठेतरी सुरुंग उडावा तसा ‘धुम्म’ होतो, आणि मग तारेवर काठी मारल्यासारखा एक बारीक सणसणता आवाज पायाखालून निघून जातो. थंडीने बर्फ आकसतो, त्याचा हा आवाज. हे सगळं वाचून गेलो होतो, पण पाय वाचत नाहीत ना! दर वेळी जागच्या जागी थिजायचो.

सामान फार नव्हतं. गळ्यात दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी, इकडे प्रत्येक मासेमाराच्या गळ्यात असतात तशा. पाण्यात पडलात तर आधी श्वास ताब्यात आणायचा, मग आलो त्याच दिशेला वळायचं (त्या बर्फाने तुम्हाला आतापर्यंत पेललेलं असतं), खिळे रोवून पाय मारत पोटावर वर यायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. बाकी थर्मास, सुके कपडे, गॉगल आणि फोन. फोन आतल्या खिशात, नाहीतर थंडीत बॅटरी बघता बघता संपते. धक्क्यावरून निघताना एका मित्राला कळवलं होतं की अडीचपर्यंत माझा मेसेज नाही आला तर 112 ला फोन कर.

मध्यावर पोचल्यावर मागचा किनारा धूसर झाला आणि पुढचं बेट म्हणजे पेन्सिलने ओढलेली एक रेघ. वर पांढरं, खाली पांढरं. तासभर चाललं तरी ती रेघ तेवढीच. अंतराचा अंदाज पार जातो. दूर एक काळं खोकं दिसलं, मला वाटलं मोटार असेल. दहा मिनिटांत कळलं की तो खोक्यावर बसलेला एक म्हातारा मासेमार आहे. वीतभर भोकात दोरी सोडून बसला होता. मी हात केला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, बेटाकडे बोट केलं आणि म्हणाला, “रान्नास्सा ओन वेत्ता.” माझं फिनिश यथातथाच, पण एवढं कळलं, “किनाऱ्याला पाणी आहे.” मनात म्हटलं, आजोबा, किनाऱ्याला पाणी नसेल तर काय असेल! हसून ‘कीतोस’, म्हणजे आभार, म्हटलं आणि पुढे निघालो.

बेटावरचा हुइक्कूचा धक्का समोर दिसत होता, शेवटचे दोनशे मीटर. बर्फावर गुडघ्याच्या खालपर्यंत मऊ हिम होतं. एक पाऊल टाकलं आणि हिमाखाली पचकन पाणी. बूट भरला. क्षणभर वाटलं संपलं. पण तळाला कडक बर्फ लागला. पाणी बर्फाच्या वर होतं.

घोळ असा झाला होता. या समुद्राला चंद्राची भरती जवळपास नाहीच, काही सेंटीमीटरची. हे माहीत असल्यामुळे पाणी चढण्या-उतरण्याचा विचारच मी सोडून दिला होता. पण इथे भरती वारा आणतो. नैऋत्येकडून जोराचा वारा सुटला की आखाताच्या या टोकाला पाणी साचतं आणि पातळी मीटरभरानेही वर जाऊ शकते. आदल्या रात्री तो वारा होताच, खिडकीतून ऐकलाही होता. पाणी चढलं की मधला बर्फ त्याच्याबरोबर उचलला जातो, काठाला तळाशी चिकटलेला बर्फ उचलला जात नाही, दोहोंच्या सांध्याला चिरा पडतात आणि तिथून पाणी वर येऊन हिमाखाली लपून बसतं. म्हातारा हेच सांगत होता. ज्या गावात तिथी विचारल्याशिवाय कुणी पाण्यात पाऊल टाकत नाही, तिथला मी, आणि वारा विचारला नाही.

म्हणून जायचंच असेल तर बर्फाच्या जाडीबरोबर मागच्या दोन दिवसांचा वारा बघा. फिनिश हवामान संस्था रोज बर्फाचा नकाशा देते, समुद्राच्या पातळीचे आकडेही. नदीची मुखं आणि सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या जागा टाळा, तिथे प्रवाहामुळे बर्फ आतून झिजतो. एप्रिलमधल्या बर्फावर जाऊ नका, जाड असला तरी उन्हाने आतून ठिसूळ झालेला असतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा एकट्याने जाऊच नका. मी गेलो, कारण सोबत यायला कुणी तयार नव्हतं. ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

मी आडवाटेने वळसा घालून, एकेक पाऊल काठीने चाचपत, धक्क्यावर चढलो. उणे 7 मध्ये ओल्या बुटाचे बंद तोवर तारेसारखे कडक झाले होते, सोडवता येईनात. मोजे बदलले आणि मित्राला मेसेज केला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

परत मात्र फेरीने आलो. तिकीट नसायचं, तो रस्त्याचाच भाग धरायचे. अर्ध्या तासाच्या आत पलीकडे. बोट बर्फ चुरडत चालली होती आणि मी हीटरवर मोजा वाळत घालून खिडकीतून तो म्हातारा दिसतो का ते शोधत होतो.