चुलीसाठी ओढ्यातला गोटा उचलू नकोस

पहिल्यांदाच डोंगरात मुक्कामाला निघालायस, तर चुलीच्या दगडांचं तेवढं मनावर घे. ओढ्यातले गुळगुळीत गोटे पातेल्याखाली छान बसतात, म्हणून हात आधी तिकडेच जातो. ते नकोत.

सह्याद्रीचा आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, म्हणून कित्येक दगडांना बारीक भोकं दिसतात. ओढ्यात पडून राहिलेल्या गोट्याच्या भोकांत, भेगांत पाणी मुरतं. आच लागली की त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. बाहेर पडायला वाट नसली की दगडच फुटतो. माझ्यासमोर एक गोटा असा फुटला, कपची पातेल्यावर खाडकन आदळली. त्या क्षणी कोणी फुंकर घालायला वाकलेलं नव्हतं, हे नशीब.

ओढ्यापासून लांबचा, उन्हात तापलेला कोरडा दगड घे. दुसऱ्या दगडाने वाजवून बघ. खणखणीत वाजला तर घट्ट. बद्द वाजला तर आत भेग असणार, सोडून दे. गडाच्या तटाचे चिरे मात्र चुकूनही हलवू नकोस.

लाकडाचं थोडक्यात: ज्योत म्हणजे तापलेल्या लाकडातून निघणारा वायू जळतो ती. ओल्या लाकडाची आच पाणी उडवण्यातच जाते, म्हणून नुसता धूर. आधी काटक्या, मग ओंडका. वाळल्या गवतात किंवा वनखात्याची मनाई असेल तिथे चूल पेटवायचीच नाही.