‘जेणेकरून’ राहू द्या, ‘म्हणून’कडे बघा

गोदाघाटावरच्या एका फलकावरचं वाक्य पाठवून एकांनी विचारलं आहे: ‘निर्माल्य कलशात टाका जेणेकरून गोदावरी स्वच्छ राहील’ हे मराठी बरोबर आहे का?

चूक म्हणवत नाही, पण कानाला टोचतं. ‘जेणेकरून’ हा चांगला जुना शब्द आहे; जेणे म्हणजे ज्याने. हल्ली मात्र हिंदीतला ‘ताकि’ दिसला की तिथे हा ठोकून बसवतात. आपल्याकडे हेतू आधी येतो: ‘गोदावरी स्वच्छ राहावी म्हणून निर्माल्य कलशात टाका.’

खरी गंमत या ‘म्हणून’मध्ये आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत उभयान्वयी अव्ययांच्या, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांच्या, याद्या असतात; तो परिणामबोधकात सापडतो, उद्देशबोधकात आणि स्वरूपबोधकातही. मुलं बिचारी तिन्ही याद्या घोकतात. एका शब्दाची ही खांडोळी कशासाठी? अर्थ ठरवतं ते त्याच्या आधीचं क्रियापद. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार कसे बोलतात ते ऐका. ‘पाऊस आला म्हणून फवारणी घेतली’: झालं ते कारण. ‘पाऊस येईल म्हणून फवारणी घेतली’: अजून थेंब नाही, द्राक्षावरच्या डावणी रोगाची धास्ती आहे. ‘पाऊस येऊ नये म्हणून देवाला साकडं घातलं’: इथे विध्यर्थ (इच्छा सांगणारं क्रियापदाचं रूप) आला आणि हेतू झाला. ‘म्हणून’ तिन्ही वाक्यांत जागचा हललेला नाही.

हलेल कसा? तो मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप, ‘करून’, ‘बसून’ यांच्यासारखं. ‘पाऊस येईल’ असं मनाशी म्हणून फवारणी घेतली! संस्कृत ‘भण्’पासून ‘म्हण’ आणि ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’. नाशिकच्या गंगापूर रस्त्याला सोमेश्वर म्हणून देवस्थान आहे, त्यातही हाच. मराठीतलं ‘म्हणून’ने जोडलेलं प्रत्येक कारण आणि प्रत्येक हेतू हे कुणीतरी मनात उच्चारलेलं वाक्य असतं, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर ‘मी येतो म्हणून तो गेला’ हे वाक्य घ्या. ‘मी येतो’ असं सांगून तो गेला, की मी येणार हे कळल्यामुळे गेला? दोन्ही अर्थ लागतात, कारण उच्चार आणि कारण यांच्यामधली भिंत मराठीने कधी बांधलीच नाही.

हे सगळं कन्नडच्या ‘एंदु’वरून उचललं, असं काही अभ्यासक सांगतात. ‘एंदु’ म्हणजेही ‘म्हणून’च, साम्य नाकारत नाही. पण संस्कृतातलं ‘इति’ हेच काम वेदकाळापासून करत होतं, ते कुणाकडून शिकलं? आणि नेपाळीत ‘भनेर’ आहे, त्याच ‘भण्’चं, नेमक्या याच कामाला. काठमांडूला कन्नडचा शेजार कधी होता, ते या मंडळींनी आधी सांगावं.