काउन्सिलरकडे गेलं तर व्हिसा जातो का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत बायोलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष आहे. झोप नाही, एक्सपरिमेंट चालत नाहीत, सर नीट बोलत नाहीत म्हणते. काउन्सिलरकडे जा म्हटलं तर म्हणते, आई, व्हिसाचं काहीतरी होईल. मी तिच्या सरांना मेल करू का? - एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मेल नका करू. तुमची काळजी कळतेय, पण त्याने तीच अवघडून बसेल, आणि तिथे फेर्पा कायदा आहे, मुलांच्या परवानगीशिवाय युनिव्हर्सिटी सहसा आईवडलांनाही काही सांगत नाही.

व्हिसाची भीती मात्र आधी काढा. काउन्सिलरशी बोललेलं गोपनीय राहतं, जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद. त्याने एफ-१ स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याची परवानगी, जात नाही. स्टेटस अडचणीत येतं ते न विचारता कोर्स सोडले की. म्हणून लोड कमी करायचा असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं स्टेटस बघणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या अधिकाऱ्याला, भेटायचं. डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र असेल तर तब्येतीसाठी कमी कोर्स, अगदी गरज पडली तर एकही नाही, अशी परवानगी मिळते, एका डिग्रीच्या काळात मिळून १२ महिन्यांपर्यंत. पण परवानगी हातात येईपर्यंत काही ड्रॉप करायचं नाही, हे तिला दोनदा सांगा.

सरांचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण बऱ्याच लॅबमध्ये स्टायपेंड त्यांच्याच ग्रँटमधून येतो आणि पुढे शिफारसपत्रही त्यांचंच लागतं, मग परदेशातून गेलेली मुलं बोलणार कुणाकडे? हे मला फार अन्यायाचं वाटतं. तरी गाइड बदलता येतो. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट प्रोग्राम डायरेक्टरना भेटायचं, ओम्बड्स ऑफिस (तक्रारी गुपचूप ऐकून मार्ग सुचवणारं तटस्थ ऑफिस) असेल तर तिथेही, आणि नवीन फंडिंग लेखी मिळाल्याशिवाय जुनी लॅब सोडायची नाही.

आणि ती कमकुवत नाहीये. नेचर मासिकाने २०१९ मध्ये जगभरातल्या सहा हजारांवर पीएचडी विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला, त्यात ३६ टक्क्यांनी सांगितलं की पीएचडीमुळे आलेल्या अँग्झायटी किंवा डिप्रेशनसाठी मदत घेतली.

फोनवर रिझल्ट विचारू नका, जेवलीस का, झोपलीस का एवढंच विचारा. जगावंसं वाटत नाही असं कधी म्हणाली तर तिथे ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनवर कॉल किंवा मेसेज करता येतो, चोवीस तास. तो नंबर भारतातून लागत नाही, म्हणून रूममेटचा आणि कॅम्पस पोलिसांचा पूर्ण नंबर आजच मागून घ्या, ते खोलीवर जाऊन बघून येतात.