बापाच्या सहीशिवाय मुलगा दत्तक जाईल का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, कोइमतूरला गलाईचं (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं) दुकान आहे. चार वर्षांपूर्वी सांगलीच्या कोर्टात परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. मुलगा आता सात वर्षांचा आहे. ताबा आईकडे, दिवाळीत आणि मे महिन्यात तो माझ्याकडे असतो. तिनं मिरजेत दुसरं लग्न केलंय. परवा तिच्या भावाचा फोन आला : ‘आमचे दाजी पोराला दत्तक घेतायत, येऊन सही करून जा. आठ महिन्यांची पोटगी थकलीय, ती सोडून देऊ. आणि सही नाही केली तरी आमचं अडत नाही, ताबा आमच्याकडंच आहे.’ वडील म्हणतात, घराण्याचा पोरगा द्यायचा नाही. मी काय करू?

उत्तर : फोनवरच्या शेवटच्या वाक्यानं तुम्ही घाबरलेले दिसता, म्हणून आधी तेच निकालात काढतो. त्यांचं अडतं. तुमच्या संमतीवाचून अडतंच.

तुम्ही सगळे हिंदू आहात असं धरून सांगतो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम 9 मूल कोण देऊ शकतं ते ठरवतं. पूर्वी हा अधिकार बापाचा आणि आईची फक्त संमती, अशी रचना होती. 2010 च्या दुरुस्तीनं दोघांचा अधिकार सारखा केला, पण एकानं दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरायचा नाही, ही अट ठेवली. अपवाद तीनच : दुसऱ्यानं कायमचा संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा कोर्टानं त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल. घटस्फोट त्यात नाही, ताबा नाही, थकलेली पोटगीही नाही. आणि कोइमतूरला दुकान थाटणं म्हणजे संन्यास नव्हे. ताब्याचा हुकूम मूल कुणाकडे राहील एवढंच सांगतो. बाप कोण, हे तो बदलत नाही.

आता पोटगी. ‘सही करा, थकबाकी सोडतो’ हा सौदा कानाला गोड लागतो, पण त्यात पडू नका. दत्तकाच्या बदल्यात पैसा किंवा दुसरा मोबदला घेणं-देणं कलम 17 नं मना केलंय. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माफ केलेली थकबाकी हाही मोबदलाच, असं उद्या कुणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. पोटगी तुम्ही थकवायला नको होती. धंदा मंदा होता, हे कारण कोर्टात फार टिकत नाही. ती या आठवड्यात बँकेतून भरा, हातात रोख देऊ नका. पुढं मुलाच्या भेटीसाठी तुम्हाला कोर्टासमोर उभं राहायची वेळ आली, तर समोरचा वकील पहिला कागद या आठ महिन्यांचाच काढेल.

सहीचा परिणाम काय, हे तुमच्या पत्रात कुठंच विचारलेलं नाही. मला तीच काळजी जास्त वाटते. कलम 12 प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून मूल त्या घरचं होतं आणि जन्माच्या घराशी नातं तुटतं. राहते ती फक्त लग्नातल्या निषिद्ध नात्यांची मनाई. पुढची पोटगी द्यायला नको, हे खरं. पण दिवाळी-मे महिन्याच्या भेटीचा हुकूम ज्या नात्यावर उभा आहे, ते नातंच राहत नाही. ‘पोराला पाठवत जाऊ’ असं त्यांनी लिहून दिलं, तरी त्या कागदावर विसंबून राहू नका. आणि कलम 15 सांगतं की वैध दत्तक रद्द होत नाही. दोन वर्षांनी पश्चात्ताप झाला तरी कुणालाही मागं फिरता येत नाही.

वडिलांची चिंता बहुधा जमिनीची आहे. दत्तकाआधी मुलाच्या नावावर आलेली मिळकत त्याचीच राहते. पण एकत्र कुटुंबातला, वाटणी न झालेला जन्मसिद्ध हिस्सा दत्तकानंतर राहतो का, यावर उच्च न्यायालयांची मतं एक नाहीत. तेव्हा सातबारा आणि वाटणीचे कागद पाहिल्याशिवाय मी यावर ठाम बोलणार नाही. मात्र सात वर्षांच्या पोराचा प्रश्न जमिनीच्या हिशोबावर सोडवू नका, एवढं वडिलांना माझ्या वतीनं सांगा.

एक चौकशी जरूर करा : तिच्या नव्या यजमानांना, म्हणजे नवऱ्याला, पहिल्या लग्नाचा मुलगा आहे का? असेल, तर या कायद्याखाली त्यांना दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही, मग तुमची सही असो वा नसो. बाल न्याय कायद्याचा दुसरा मार्ग त्यांना आहे. तिथं सावत्र पालकाला सरकारच्या दत्तक पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात. संमती मात्र तिथंही लागते.

सहीशिवाय दत्तकपत्र नोंदवलं तर? देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असलं, की कलम 16 प्रमाणे कोर्ट दत्तक वैध धरून चालतं, पण ते खोडून काढता येतं. दत्तक अवैध ठरवण्याचा दावा तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो. गावात कानावर आलं, तेव्हापासून घड्याळ सुरू झालं असं समजा. नुसतं शाळेत आडनाव बदललं, तर त्यानं दत्तक होत नाही. घाबरू नका, पण दाखल्याची नक्कल काढून ठेवा.

आणखी एक सावधगिरी. संमती लेखीच हवी, असं कायद्यात लिहिलेलं नाही. कार्यक्रमाला या म्हणाले, म्हणून तुम्ही मांडवात उभे राहिलात, पोराला पुढं केलंत आणि फोटो निघाला, तर तो फोटोच पुरावा होतो. कोऱ्या स्टँपवर, ‘ना हरकत’ म्हणून, ‘शाळेच्या कामासाठी’ म्हणून, कशावरही सही नको.

नकार द्यावा का? माझं मत असं : दत्तक न घेताही नवे यजमान मुलाला सांभाळू शकतात, शिकवू शकतात, मृत्युपत्रानं मिळकतही देऊ शकतात. सगळं त्यावाचून होत असेल, तर बापाचं नाव पुसायची घाई कशाला? मात्र तुमचा नकार केवळ माजी बायकोवरच्या रागापायी असेल, तर तो पोराच्या अंगावर उगवेल. सुट्टीत तो येतो तेव्हा तुम्ही दुकानात किती वेळ आणि त्याच्याबरोबर किती, याचं उत्तर स्वतःला द्या.

ठरलं की फोनवर वाद न घालता नोंदणीसह स्पीड पोस्टानं, पोहोच पावतीसह, दोन ओळी पाठवा : माझी संमती नाही, भेटीचा हुकूम पूर्वीप्रमाणे चालू राहील. कागद पुढं सरकतोय असं कळलं, तर सांगलीच्या कोर्टात मनाई हुकमाचा दावा करता येईल. घटस्फोटाचा हुकूमनामा, मुलाचा जन्मदाखला आणि पोटगी भरल्याच्या पावत्या घेऊन वकिलाकडे जा. फोन आल्याची तारीख आणि वेळही आजच लिहून ठेवा.