रेडिओवर नुसतं 'रॉजर' म्हणू नकोस

सोलोला, म्हणजे एकट्याने विमान उडवायला, निघायच्या आधी एवढं ऐक, रॉजर म्हणजे फक्त 'ऐकलं', 'समजलं' किंवा 'करतो' नव्हे. माझ्या ट्रेनिंगच्या वेळी एका विमानतळावर मला होल्ड शॉर्ट (रनवेच्या आधी थांब) सांगितलं, मी घाईत रॉजर म्हणून मोकळा, तर टॉवरवाल्या बाईंनी शांतपणे परत विचारलं, 'रीडबॅक होल्ड शॉर्ट' (म्हणजे सूचना परत म्हणून दाखव), आणि तेव्हा खाली बघतो तर पुढचं चाक होल्डिंग लाइनपासून हातभर अंतरावर. घाम फुटला रे. तेव्हापासून रनवे, होल्ड शॉर्ट, अल्टिट्यूड, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) हे सगळं कॉलसाईनसकट, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट, शब्दशः परत म्हणतो.

कॉलसाईन अर्धवट तर कधीच नाही, फ्लाइंग क्लबची विमानं एकाच अक्षराने वेगळी असतात, दुसऱ्याचा क्लिअरन्स (टॉवरची परवानगी) आपण घेऊन बसतो.

आणि 'टेकऑफ' हा शब्द क्लिअरन्स मिळाल्यावरच, त्याआधी 'डिपार्चर'. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या पायलटने 'वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ' म्हटलं, टॉवरला वाटलं तो टेकऑफच्या जागेवर थांबलाय, त्यानंतर टॉवर आणि त्याच रनवेवर असलेलं पॅन अ‍ॅमचं विमान दोघं एकदम बोलले आणि केएलएमच्या कानात नुसती शिट्टी. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली, धुक्यात. म्हणून बटण दाबायच्या आधी दोन सेकंद ऐक, कोणी बोलत नाही ना बघ.

कळलं नाही तर 'से अगेन' (परत सांगा) म्हण, दहादा म्हण, लाजायचं काय त्यात. अडचणीत असशील तर गुळमुळीत बोलू नकोस, सरळ 'मेडे' (जीवावरचं संकट) किंवा 'पॅन पॅन' (तातडीची अडचण), तेही तीनदा.